मीठ सोडलेला माणूस

माझ्या डाव्या दंडात एक चुगलखोर राहतो. तांदळाच्या दाण्याएवढा आहे, कातडीच्या जरा खाली असतो, आणि हाताला लागत नाही. सरकारी भाषेत त्याचं नाव 'सोबत'. आमच्या रेवदंड्यात आता बऱ्याच जणांच्या दंडात असले दाणे आहेत, कुणाचा साखरेसाठी, कुणाचा हृदयासाठी. माझा मात्र दुहेरी कामाचा आहे, कारण माझं दुखणंही दुहेरी आहे.

मी तुषार राऊत. नारळी-सुपारीच्या वाड्यांना पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की त्यांच्या कॉइल नव्यानं भरून देतो. मला बायपोलर आहे आणि मी दारुडा आहे. पहिलं ऐकलं की लोक आवाज खाली आणतात आणि दुसरं ऐकलं की नाक मुरडतात, म्हणून मी दोन्ही एका दमात सांगून टाकतो. गेली काही वर्षं मी पीत नाही, पण दारुडा हा शब्द मी टाकलेला नाही. तो टाकला की बाटली जवळची वाटायला लागते, असा माझा अनुभव आहे.

चढाच्या दिवसांत मला वाटायचं की अख्ख्या तालुक्याच्या मोटारी मी एकटा भरीन, आणि त्या आनंदात मी प्यायचो. उताराच्या दिवसांत पलंगावरून पाय खाली ठेवणंसुद्धा जिवावर यायचं, म्हणून प्यायचो. माडीनं सुरुवात व्हायची आणि मग जे मिळेल ते. प्यायलो की झोप बिघडायची, झोप बिघडली की चढ नाहीतर उतार यायचा, आणि तो आला की पुन्हा प्यायचो. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, आधी डोकं ठीक करून या. डोक्याचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडून या. या दोन दारांमधल्या अंगणात मी कितीतरी वर्षं उभा होतो.

अलिबागच्या डॉ. नसरीन मुकादम या पहिल्या, ज्यांनी दोन्ही दुखणी एकाच टेबलावर घेतली. "एकाच घरातले दोन भाडेकरू आहेत," त्या म्हणाल्या. "एकाला काढलं की दुसरा त्याला पुन्हा बोलावून आणतो. दोघांशी एकदमच बोलावं लागेल."

त्यांनी मला लिथियम सुरू केलं. हे औषध फार जुनं, माझ्या आजोबांच्या वेळचं. लिथियम म्हणजे मिठातल्या सोडियमचा चुलतभाऊ. दोघांची ठेवण इतकी सारखी की शरीराची पुष्कळदा गफलत होते. चढ-उतार आवरायला याच्याइतकं चांगलं औषध अजून निघालेलं नाही, पण त्याची एक खोड आहे. गुण येतो ते प्रमाण आणि विष होतं ते प्रमाण यांच्यात अंतर फार थोडं. पूर्वी त्यासाठी सारखं रक्त तपासायला जावं लागे. आता दंडातला दाणा पेशींच्या मधल्या पाण्यातून लिथियम मोजतो. त्याच पाण्यात दारूचा अंश मोजतो, नाडी ऐकतो, झोप मोजतो. महिनाभर तो नुसता माझी ओळख करून घेत होता. आता माझा चढ कसा सुरू होतो, तलफ यायच्या आधी माझी नाडी कशी पळते, हे त्याला माझ्या काही तास आधी कळतं.

या आधीच्या पिढीतले दाणे सगळंच सांगायचे, घरच्यांना, डॉक्टरांना, नोकरीवरच्या साहेबांना. घराघरांत भांडणं झाली, आणि निम्म्या लोकांनी ते काढून मागितले. मग कायदा बदलला. आता आकडे दंडातच राहतात. काही बिनसलं की दाणा फक्त एकाच माणसाला कळवतो, आणि त्याच्या फोनवर फक्त एक शब्द उमटतो, 'भेटा'. का भेटा ते नाही. त्या माणसानं यायचं, बघायचं, आणि गरज वाटली तर बटण दाबून आकडे डॉक्टरांसमोर उघडायचे. हा माणूस म्हणजे सोबती, आणि तो निवडायचा अधिकार फक्त ज्याचा दंड त्याला.

"सोबती कोण?" दाणा बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं.

मंजिरीताईनं, माझ्या मोठ्या बहिणीनं, पर्समधून मोबाइल काढून टेबलावर ठेवलासुद्धा होता. ताई गावच्या शाळेत शिकवते. आई गेल्यापासून माझी आई तीच, बाप तीच, आणि मी घरी आलो की तोंडाचा वास घेणारं यंत्रही तीच.

"गजानन मयेकर," मी म्हणालो.

"हे कोण?"

"ह्याचा वर्गमित्र," ताई म्हणाली. "त्याचं माडीचं दुकान आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली.

"मला तलफ आली की माझे पाय तिकडेच वळतात," मी म्हणालो. "मी पोचायच्या आधी त्याचा फोन वाजलेला बरा. ताईचा वाजला तर ती आधी रडेल, मग देवापुढे बसेल, मग मामाला फोन करील. तोवर मी पिऊन परत आलेला असेन."

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांनी गजाचा नंबर लिहून घेतला. परतताना विजेच्या बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली. नागाव गेलं, चौल आलं, तरी बोलेना. उतरताना एवढंच म्हणाली, "चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास."

मला वाईट वाटलं. पण मी नाव बदललं नाही.

गजानं त्याच संध्याकाळी मला सांगून टाकलं, "आजपासून तुला माझ्या दुकानात माडी नाही. दोन्ही कामं एका माणसाला होत नाहीत." आजूबाजूच्या दुकानांतही त्यानं तशी ताकीद दिली. माडावर चढून माडी उतरवणारं यंत्र त्यानं तेव्हा नुकतंच आणलं होतं, आणि त्याचा त्या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. ते वर गेलं की हा खाली मान वर करून उभा. माझ्या दंडातल्या दाण्यावर मात्र त्यानं एका दिवसात विश्वास टाकला.

अडचण वेगळीच होती. फोन वाजला की माझ्याकडे येऊन म्हणायचं काय? 'काय रे, तलफ आली का' असं पुरुष माणसानं पुरुष माणसाला विचारायचं म्हणजे अवघडच. म्हणून गजा येताना काहीतरी बिघडलेलं घेऊन यायचा. पहिल्या वेळी टेबलफॅन आणला. मग इस्त्री आणली. मग त्याला मिक्सर सापडला आणि तो कायमचा ठरला.

"हा जरा बघ रे," म्हणून तो मिक्सर माझ्या बाकड्यावर ठेवायचा आणि स्टुलावर बसायचा. मी मिक्सर उघडायचो. त्यात काही बिघाड नसायचा. मी ब्रश साफ करायचो, बेअरिंगला तेल द्यायचो, आणि तो गावातल्या गोष्टी सांगत बसायचा. तासाभरानं माझ्या छातीतली धडधड खाली बसायची. मग तो मिक्सर उचलून निघून जायचा. इतका तेलपाणी झालेला मिक्सर रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल.

बरे दिवस होते. सांगण्यासारखं काही घडत नसे, आणि आमच्यासारख्यांच्या घरात हीच सांगण्यासारखी गोष्ट असते.

पण एक विचित्र बदल मात्र होत गेला. लोक मला मी कसा आहे ते विचारेनासे झाले. ते गजाला विचारायचे. मोटार द्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी माडीच्या दुकानावरून चक्कर मारून यायचं. शेजारच्या सरोजकाकू माझ्याशी पावसापाण्याचं बोलायच्या आणि माझी चौकशी गजाकडे करायच्या. गजा सगळ्यांना ताकास तूर लागू द्यायचा नाही. ताई तर एकदा, जी गल्ली तिनं उभ्या जन्मात ओलांडली नव्हती तिथं, माडीच्या दुकानाच्या मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

"आज वाजला का रे फोन?"

"ताई, ते मला सांगता येत नाही. तुषारलाच विचारा की."

"त्याला विचारून काय उपयोग?" ताई म्हणाली.

हे मला गजानं सांगितलं नाही, ताईनंच जेवताना रागारागानं सांगितलं. त्या वाक्यात मला लागण्यासारखं काही आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझ्या पायी ताईचं तोंड बरेचदा पोळलेलं आहे. तिला बोल लावायचं मला कारण नव्हतं. तरी त्या दिवशी मी अर्ध्या पानावरून उठलो.

मग आषाढी एकादशी आली आणि घरोघर चातुर्मासाचे नेम ठरू लागले. ताईनं चहा सोडला. सरोजकाकूंनी वांगं सोडलं, जे त्या एरवीही पानात बाजूला काढतात. मला कुणी विचारलं नाही. विचारणार काय, मी तर दारू सोडून बसलेला. पण त्या सोडण्याच्या कौतुकात एक खोच असते. जे सोडायलाच हवं होतं ते सोडलं, त्यात तुझं काय गेलं? मला असं काहीतरी सोडायचं होतं की जे धरून ठेवलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

"मी मीठ सोडतो," मी म्हणालो.

ताईच्या हातातली पळी तशीच राहिली. "चार महिने? जमेल तुला?"

"दारू जमली, मग मीठ काय."

ताईचे डोळे भरून आले. आमच्या आजीनं एका चातुर्मासात मीठ सोडलं होतं, आणि त्याची आठवण घरात अजून निघते. ताईनं शाळेत सांगितलं, देवळात सांगितलं, मामाला फोन करून सांगितलं. माझ्याबद्दलची एखादी गोष्ट आवाज चढवून सांगायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. रोज आमटी-भाजीत मीठ घालायच्या आधी ती माझ्या वाट्याचं वेगळं काढायची. लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं बंद. अळणी आमटीला एक मातकट चव असते, ती मी गोड मानून घेतली. ताई समोर बसून मी खातो ते बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्यासाठी मी वर्षभरही अळणी खाल्लं असतं.

श्रावण लागला तसे माझे हात थरथरायला लागले.

आधी बारीक. कॉइल भरताना तांब्याची तार बोटांमधून निसटायची. मग तार तुटायला लागली. पोट बिघडलं, तहान सारखी लागायची. गजा मिक्सर घेऊन आला आणि माझ्या बोटांकडे बघत बसला.

"हात का हलतोय रे?"

"उपासाचं आहे. नेम म्हटला की थोडं सोसायचंच."

उपास म्हटल्यावर गजानंही विषय सोडला. देवाधर्माच्या गोष्टीत माडीवाल्यानं तोंड घालू नये, असं त्याला वाटलं असावं. बटण न दाबताच तो मिक्सर घेऊन गेला, पण जाताना त्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

नारळी पौर्णिमेला शाळेला सुट्टी होती. ताई नारळीभात करत होती. मी माझं दुकान बंद करून भर दुपारी घरी निघालो तेव्हा रस्ता माझ्या पायाखालून एका बाजूला कलत होता. मी सरोजकाकूंच्या कुंपणाला धरून उभा राहिलो. काकू ओट्यावर होत्या. "तुषार, सांभाळून रे बाबा," त्या म्हणाल्या. त्या आवाजातलं 'सांभाळून' मला चांगलं ओळखीचं होतं. तो आवाज मी काही वर्षं ऐकला नव्हता.

घरी पोचलो. ताईनं पान वाढलं. मी वाटी उचलली आणि ती माझ्या हातातून सुटून फरशीवर गेली.

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी उभा राहायला गेलो आणि भिंतीवर आपटलो.

"कुठं गेला होतास?"

"दुकानात," मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. जीभ तोंडात ओल्या फडक्यासारखी पडली होती आणि शब्द तिच्यावरून घसरत होते.

ताई जवळ आली. तिनं माझं तोंड हुंगलं. वास नव्हता. ती मागं सरकली आणि म्हणाली, "हल्ली वास न येणारीही मिळते म्हणतात."

"नाही घेतली ताई."

"आजच्या दिवशी. सणाच्या दिवशी, तुषार."

"नाही घेतली."

हे मी कितीदा म्हणालो मला आठवत नाही. पण प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त बरळल्यासारखं बाहेर पडत होतं, आणि प्रत्येक वेळी ताईचा चेहरा आणखी मिटत होता. आयुष्यात शेकडो वेळा मी तिला हेच वाक्य सांगितलं असेल आणि ते खोटं असेल. आज ते खरं होतं आणि ते खरं आहे हे सांगायला माझ्याकडे जीभही धड नव्हती. इतकं एकटं मला उताराच्या दिवसांतही कधी वाटलं नव्हतं.

दारात गजा उभा होता. काखेत मिक्सर होता, वायर पायापर्यंत लोंबत होती, आणि तो पळत आल्यामुळे धापा टाकत होता.

"तूच दिलीस ना?" ताई त्याच्यावर धावून गेली. "बघ. बघ काय केलंस."

गजानं मिक्सर कोनाड्यात ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तुष्या, घेतलीस काय?"

"नाही."

"बरं," गजा म्हणाला, आणि फोन काढून बटण दाबलं.

"अरे, त्याचं काय ऐकतोस?" ताई म्हणाली. "त्याला उभं राहता येत नाही."

"तो नाही म्हणतोय ना ताई. मग दुसरं काहीतरी असणार. ते डॉक्टर बघतील."

फोनच्या पडद्यावर डॉ. मुकादम आल्या. आकडे त्यांच्यासमोर उघडले तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "दारूचा अंश शून्य आहे," त्या म्हणाल्या. "पण लिथियम फार वाढलंय. गोळ्या जास्त घेतल्यात? दुखण्यावरच्या कुठल्या गोळ्या? जुलाब? काही बदललंय का, खाणं, पाणी, मीठ?"

ताई भिंतीला टेकली. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ आणि पाणी जसं आहे तसंच ठेवा, कमी-जास्त करू नका. गोळ्यांचं, दारूचं, झोपेचं आम्ही दोघांनी डोक्यात पक्कं धरलं होतं. मीठ ही काय लक्षात ठेवायची गोष्ट, म्हणून ते वाक्य तिथंच टेबलावर राहिलं होतं.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "आषाढीपासून त्यानं मीठ सोडलंय. मी रोज वेगळं काढून ठेवते." मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज फुटला. "मी वाढत होते रे."

"त्याला लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "पुढची गोळी देऊ नका."

गाडी म्हणजे गजाचा माडी पोचवायचा टेम्पो. मला मागं आडवं केलं. खाली रिकामे कॅन आणि वर मी, आणि सगळीकडे आंबूस वास. ताई माझं डोकं मांडीवर घेऊन तिथंच बसली, नव्या कोऱ्या साडीत. सणाची दुपार, लोक नारळ घेऊन समुद्राकडे निघालेले. माडीवाल्याच्या टेम्पोत, माडीच्या कॅनांमध्ये आडवा पडलेला तुषार राऊत अख्ख्या गावानं पाहिला. ज्यानं त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं असतं आणि त्यांना दोष देता आला नसता.

नाक्यावर गर्दीमुळे टेम्पो थांबला. सरोजकाकूंचे यजमान वाकून बघायला लागले. ताई, जी माझ्या बाबतीत कायम पदर तोंडावर घेऊन चालली, तिनं मान वर केली.

"प्यायलेला नाही तो," ती मोठ्यानं म्हणाली. "मीठ कमी झालंय त्याच्या अंगातलं. औषध चढलंय. नीट ऐका, प्यायलेला नाही."

पुढच्या वळणावर आणखी कुणी दिसलं, त्यालाही तिनं हेच सांगितलं. मला वाटतं चौलपर्यंत ती सांगत होती. माझे डोळे मिटत होते, पण मी ते सगळं ऐकलं.

अलिबागला मला सलाइन लावलं. जीभ परत माणसात आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. मूत्रपिंड म्हणजे घरातली काटकसरी बाई. मीठ भरपूर असलं की जादा बाहेर टाकते. मीठ कमी पडायला लागलं की कणन् कण धरून ठेवते, आणि त्या धांदलीत लिथियमही धरून ठेवते, कारण तो चुलतभाऊ, चेहरा सारखाच. गोळ्या तेवढ्याच होत्या, मी एकही जास्त घेतली नव्हती. पण जे बाहेर जायचं ते आत साचत गेलं. मग हात थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. बघणाऱ्याला वाटतं माणूस प्यायला आहे.

"आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर?" ताईनं विचारलं.

"तो झाला नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी वर लटकणाऱ्या बाटलीकडे बोट दाखवलं. "ह्यात काय आहे माहितीये? मिठाचं पाणी. मोडला माझा नेम. तोंडानं सोडलं आणि शिरेनं खाल्लं."

"देवाला मी सांगते काय ते," ताई म्हणाली. "तू कारलं सोड."

"कारलं मला आवडतं."

"म्हणूनच."

गजा खाली चहा प्यायला गेला होता. ताईनं माझ्या पायावरची चादर सारखी केली, मग पुन्हा सारखी केली.

"मी तुझं तोंड हुंगलं," ती म्हणाली.

"आला का वास?"

"नाही."

"मग?"

"तरी मी मानलं नाही." ती चादरीचा काठ सोडेना. "आकडा शून्य ऐकल्यावर मानलं. गजाननानं त्याच्या आधीच मानलं."

"मला लागलं होतं, ताई." असं मी तिला सांगितलं. लागलं नाही म्हणणं सोपं होतं, पण मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. ती रडली. मामाला फोन केला नाही, देवापुढे बसली नाही, माझ्याजवळ बसून रडली. मग तिनं नाक पुसलं आणि रुग्णालयाची आमटी चाखून बघितली, आणि म्हणाली की मीठ ठीक आहे.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, सोबती तोच ठेवायचा का? मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"ताईचं नाव घाला," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. नाक्यावर तिनं जे केलं ते ऐकल्यावर माझ्या मनात दुसरं नाव नव्हतं. गजानंही मान हलवली.

"नको," ताई म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी ती रुसून बसली होती ती आता समोर वाढली होती.

"गजाननाकडेच राहू दे. तो पळत येतो, ते बरं आहे. माझ्याकडे फोन आला तर मी फोनलाच विचारत बसेन आणि ह्याला विचारायचं राहून जाईल." मग ती मला म्हणाली, "मी तुलाच विचारीन."

"आणि मी जे सांगीन ते?"

"ते खरं धरीन."

"आणि खोटं निघालं तर?"

ताईनं माझी पिशवी खांद्याला लावली. "तर त्या दिवशी खोटं निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीन."

तेव्हापासून ती विचारते. सकाळी मी दुकानात निघताना, चपला घालत असताना, "आज कसा आहेस?" पहिल्या दिवशी नुसतं बरा आहे म्हणालो. हळूहळू जमायला लागलं. आज जरा जास्त उत्साह आहे, लक्ष ठेव. आज काही नको वाटतंय. आज छान आहे, खरंच छान आहे. ती ऐकते, बरं म्हणते, आणि शाळेत जाते. मी दिलेलं उत्तर ती कुठंही पडताळून बघत नाही. हे मला आधी भीतिदायक वाटलं, आणि मग त्याची इतकी सवय झाली की उत्तर खरं तेच द्यावं लागतं, दुसरा इलाजच राहिला नाही.

कार्तिकी झाली. कारल्याची भाजी झाली. एका रविवारी दुपारी मी दुकानात एक जुनी मोटार भरून पूर्ण केली. ती पहिल्या झटक्यात फिरली, आणि तिचा आवाज इतका गोड होता की मी तसाच उभा राहिलो. बाहेर थंडीतलं मऊ ऊन, सुपारीच्या झावळ्या हलतायत, सगळं चांगलं. आणि नेमकी अशा वेळी तलफ आली. दुःखात येते ती ओळखीची. ही सुखाच्या पाठोपाठ येणारी जास्त लबाड. आता एक माडी, एवढंच. पाय वळले.

ते माडीच्या दुकानाकडे वळले होते. मी त्यांना घराकडे वळवलं. ह्यात काही चमत्कार नव्हता, फक्त घरी आता जिला सांगावं असं कुणीतरी होतं.

ताई ओसरीत मुलांच्या वह्या तपासत होती.

"ताई, आज माझं मन माडीकडे ओढतंय. कारण काही नाही. ऊन चांगलं पडलंय आणि मोटार चांगली फिरली, एवढंच."

तिनं पेन खाली ठेवलं. तोंड हुंगायला उठली नाही. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "चल आत. पोहे करू. कांदा तू चीर."

कांदा अर्धा झाला असेल नसेल, अंगणात धापा टाकायचा आवाज आला. गजा दारात उभा, काखेत मिक्सर.

"हा जरा बिघडलाय रे..." त्यानं सुरू केलं.

ताईनं पुढं होऊन त्याच्या हातातून मिक्सर घेतला. "माहीत आहे मला. त्यानं मघाशीच सांगितलंय. बस, पोहे खाऊन जा."

गजा माझ्याकडे बघायला लागला. मी कांदा चिरत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं होतं आणि नव्हतंही. मग तो पाट ओढून बसला आणि माडावर चढणारं त्याचं यंत्र कसं आज पुन्हा वर अडकून बसलं, ते सांगायला लागला.

ताईनं त्याच मिक्सरात ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली. बटण दाबताच तो सुरू झाला. तो कधीच बिघडलेला नव्हता हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांपैकी कुणीही ते बोललं नाही. झाकण काढून तिनं भांडं माझ्यापुढं केलं.

चटणीत मीठ मी घातलं.